डास कशाने मरतो, ते आधी तपासावे

प्रति,
ग्रामसभा, एकलहरे,
तालुका व जिल्हा नाशिक

हिवताप, डेंग्यू, चिकुनगुनिया आणि हत्तीरोग हे चारही आजार डासांमुळे पसरतात, पण त्या सर्वांचा डास एक नाही. हिवताप ॲनोफिलीस डासाची मादी पसरवते, डेंग्यू आणि चिकुनगुनिया एडिस इजिप्तीची, तर हत्तीरोग क्युलेक्स क्विन्कफॅसिएटसची. अंडी घालण्याची जागा, चावण्याची वेळ आणि रक्त पिऊन झाल्यावर विसाव्याला बसण्याची जागा प्रत्येकीची निराळी आहे. त्यामुळे एकीवर चालणारा उपाय दुसरीवर फुकट जातो. गावोगावच्या ग्रामसभांत पावसाळ्याच्या तोंडावर फवारणीचा ठराव होतो. त्यात औषध कोणत्या डासासाठी, ते मारायचे कुठे आणि तो डास त्या औषधाने आज मरतो का, याचा उल्लेख क्वचितच असतो. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर अंदाजाने देता येत नाही, डास पकडून तपासावे लागतात.

एकलहऱ्याला हा प्रश्न इतर गावांपेक्षा जवळचा आहे. गाव गोदावरीच्या काठी, नाशिक शहराच्या खालच्या अंगाला वसलेले आहे. एका बाजूला प्रत्येकी 210 मेगावॉटच्या तीन संचांचे औष्णिक विद्युत केंद्र आणि कामगारांची वस्ती, दुसऱ्या बाजूला बागायती शेती, विहिरी आणि नदी. शहराचे सांडपाणी नदीत मिसळते, प्रवाह मंदावतो तिथे पाणवेली माजतात, आणि अशा घाण, संथ पाण्यात क्युलेक्स वाढतो. घरातल्या टाक्या, रांजण, पिंप आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेले स्वच्छ पाणी एडिसला पुरते. विहिरी, शेतातले चर, पाझराचे पाणी आणि नदीपात्रातली डबकी ॲनोफिलीसच्या सोयीची असतात. तिन्ही प्रकारांना हवे तसे पाणी एकाच गावाच्या शिवारात असल्यावर एका यंत्राने, एका औषधाने आणि एकाच दिवशी केलेली फवारणी तिघांना पुरी पडू शकत नाही.

कीटकनाशकाच्या जोरावर हिवताप हटवण्याच्या भारतातल्या पहिल्या मोठ्या शास्त्रशुद्ध प्रयोगांपैकी एक तेव्हाच्या मुंबई प्रांतात झाला. तो करणाऱ्यांची नावे आज फारशी कोणाला आठवत नाहीत. डीडीटी हे रसायन 1874 साली ओथमार झायडलर या रसायनशास्त्रज्ञाने तयार केले होते, पण ते कीटकांना मारते हे स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना 1939 साली आढळले. त्याबद्दल त्यांना 1948 साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात हे औषध सैन्यासाठी राखीव होते आणि युद्ध संपता संपता ते नागरी वापरासाठी मिळू लागले. मुंबई प्रांताच्या हिवताप संघटनेचे काम तेव्हा डॉ. डी. के. विश्वनाथन पाहत होते. त्यांच्यासोबत टी. रामचंद्र राव हे कीटकशास्त्रज्ञ होते. कानडा, म्हणजे आजचा उत्तर कन्नड, आणि धारवाड या दोन जिल्ह्यांत त्यांनी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून ग्रामीण हिवताप आटोक्यात येतो का, याची पाहणी सुरू केली. हे दोन्ही जिल्हे 1956 पर्यंत मुंबईच्या कारभाराखाली होते. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष 1947 साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षांचे त्यापाठोपाठ.

या कामाचे मोठेपण औषधापेक्षा पद्धतीत अधिक आहे. भिंतीवर फवारण्यामागचा विचार असा. ॲनोफिलीसची मादी दोन-तीन दिवसांनी एकदा रक्त पिते आणि पोट जड झाल्यावर बहुधा जवळच्या भिंतीवर विसावते. तिने हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यायले, तरी ती लगेच रोग देऊ शकत नाही. जंतूला तिच्या शरीरात वाढून लाळग्रंथींपर्यंत पोहोचायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. या मुदतीत ती चार-पाच वेळा भिंतीवर बसते. भिंतीवर महिनोन्महिने टिकणारे औषध असेल, तर त्यांपैकी एखाद्या वेळी ती मरते आणि रोग पुढे सरकत नाही. म्हणजे गावातला एकूण एक डास मारण्याची गरज नसते. डासाचे आयुष्य दहा दिवसांच्या आत तुटले की पुरते. त्याआधी, 1930 च्या दशकाच्या अखेरीस, पॉल रसेल आणि फ्रेड नाइप यांनी तंजावर जिल्ह्यातल्या पट्टुकोट्टई भागात खोल्यांमधून पायरेथ्रम फवारून पाहिले होते. सेवंतीच्या जातीच्या फुलांपासून काढलेले ते औषध भिंतीवर टिकत नसे, म्हणून फवारणी पुन्हा पुन्हा करावी लागे. डीडीटीने ही अडचण दूर केली. प्रत्येक चौरस मीटरला एक ग्रॅम या प्रमाणात वर्षातून दोन फेऱ्या, ही पुढे देशभराची रीत ठरली.

औषध भिंतीवर बसणाऱ्या डासालाच लागते, म्हणून कोणत्या भागात कोणता डास रोग पसरवतो आणि तो कुठे बसतो, हे आधी ठरवावे लागते. कानड्याच्या डोंगराळ, झऱ्यांच्या प्रदेशात मुख्य वाहक ॲनोफिलीस फ्लुविएटिलिस होता. पठारावर मात्र ॲनोफिलीस क्युलिसिफेसीसचे महत्त्व होते, आणि तो माणसांच्या घरांबरोबर गोठ्यातही भरपूर असतो. त्या काळी हिवतापाची तीव्रता मोजण्याची सोपी रीत म्हणजे लहान मुलांच्या पोटावर हात ठेवून वाढलेली प्लीहा शोधणे. गावातल्या किती टक्के मुलांची प्लीहा वाढली आहे, हा आकडा रोगाची जुनी मुरलेली पातळी दाखवतो. वर्षाच्या आतल्या बालकांच्या रक्तात जंतू सापडतात का, यावरून त्या वर्षी नवी लागण झाली का ते कळते, कारण बाळाला मागच्या वर्षीचा हिवताप असूच शकत नाही. घरांतून ठराविक वेळात किती डास पकडले जातात, ही तिसरी नोंद. फवारलेली आणि न फवारलेली गावे शेजारी ठेवून हे आकडे ताडून पाहिले की औषधाचा खरा परिणाम दिसतो. कमी पावसाच्या वर्षी हिवताप आपोआप कमी होतो, आणि तुलनेला दुसरे गाव नसेल तर त्याचे श्रेय औषधाला जाते.

या अनुभवाच्या बळावर 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि 1958 साली त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. 1947 च्या सुमारास देशात दरवर्षी अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि त्यात सुमारे आठ लाख माणसे मरत. 1965 च्या सुमारास नोंदलेल्या रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास आली. इतक्या कमी वर्षांत इतक्या लोकांचा जीव वाचवणारी सार्वजनिक आरोग्याची दुसरी मोहीम या देशात शोधावी लागेल. डीडीटीच्या दोषांची चर्चा करताना हा हिशेब विसरणे अन्यायाचे आहे. ज्यांच्या घरात दर पावसाळ्यात कोणीतरी थंडीतापाने कुडकुडत पडत असे, त्यांच्यासाठी भिंतीवरचा तो पांढरा थर नवे आयुष्य घेऊन आला. विश्वनाथन यांनी या लढ्याची हकिकत सांगणारे पुस्तक 1958 साली लिहिले आणि त्याच्या नावातच भारतातल्या हिवतापावरचा विजय होता.

पुढच्याच वर्षी, 1959 मध्ये, पंचमहाल जिल्ह्यातला क्युलिसिफेसीस डीडीटीला दाद देत नाही असे आढळले. पंचमहाल तेव्हा मुंबई राज्यातच होता. शहरी हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलीस स्टीफन्सीमध्ये अशी प्रतिकारशक्ती त्याआधी, 1955 साली, तमिळनाडूतल्या इरोडमध्ये दिसली होती. डीडीटीच्या जोडीला एचसीएच वापरात होते, त्यालाही डास जुमानेनासे झाले. म्हणून 1969 पासून गुजरात आणि महाराष्ट्रात मॅलाथिऑन आणले गेले. काही वर्षांतच तेही कमी पडू लागले आणि या दोन राज्यांच्या काही भागांतला क्युलिसिफेसीस तिन्ही औषधांना पुरून उरला. 1976 साली देशातल्या रुग्णांची संख्या 64 लाखांच्या वर गेली. याचे सगळे खापर डासाच्या प्रतिकारशक्तीवर फोडणे बरोबर नाही. औषधाचा तुटवडा, निधीची ओढाताण, गावपातळीवर अपुरी आरोग्यसेवा आणि वाढत्या शहरांकडे झालेले दुर्लक्ष ही कारणेही तितकीच मोठी होती. तरीही एक गोष्ट स्पष्ट आहे. ज्या डासावर औषध चालत नव्हते, त्याच्यावर ते अनेक ठिकाणी चालूच राहिले, कारण फवारणीच्या फेऱ्यांची नोंद होत होती आणि मेलेल्या डासांची होत नव्हती.

प्रतिकारशक्ती कशी येते, हे एकलहऱ्याच्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. द्राक्षावरच्या फुलकिड्यांवर एकच औषध सलग मारत राहिले की काही हंगामांनी ते लागू पडत नाही, हा अनुभव नाशिक जिल्ह्यातल्या बागाईतदारांचा रोजचा आहे. डासाच्या बाबतीत हेच घडते. औषधामुळे डासाला प्रतिकारशक्ती 'होत' नाही, ती काही डासांमध्ये जन्मतःच असते. हजारोंमध्ये एखाद्याचे शरीर औषध पचवू शकते. फवारणीने बाकीचे मरतात, तो एक उरतो आणि पुढची पिढी त्याची होते. एडिस किंवा ॲनोफिलीसची पिढी उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत बदलते. म्हणून माणसाच्या हिशेबाने दोन-चार वर्षे, पण डासाच्या हिशेबाने कितीतरी पिढ्या उलटलेल्या असतात.

यामागे मुख्यतः दोन यंत्रणा असतात. एक म्हणजे औषध ज्या जागी काम करते ती जागाच बदलणे. डीडीटी आणि डेल्टामेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधे कीटकाच्या मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटेवर घाव घालतात. या वाटेची घडण ठरवणाऱ्या जनुकात एखादा छोटा बदल झाला की औषध तिथे नीट बसत नाही. दोन्ही औषधांचे लक्ष्य एक असल्याने एकाला दाद न देणारा डास दुसऱ्यालाही बऱ्याच अंशी दाद देत नाही. म्हणजे डीडीटीच्या अनेक दशकांच्या वापराने पायरेथ्रॉइडला जड जाणारे डास आधीच निवडून ठेवले असण्याची शक्यता असते. आज घरोघरच्या कॉइल, मॅट, लिक्विड आणि औषध लावलेल्या मच्छरदाण्यांतही पायरेथ्रॉइड औषधांचाच गट आहे, म्हणून हा मुद्दा क्षुल्लक नाही. दुसरी यंत्रणा म्हणजे औषध शरीरात जाताच त्याचे तुकडे करणारी विकरे वाढणे. मॅलाथिऑन आणि टेमिफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट औषधे ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला अडवून मज्जातंतू बंद पाडतात. अशा डासांच्या शरीरातली एस्टरेज विकरे औषध तिथे पोहोचण्याआधीच मोडून टाकतात.

शेतातल्या औषधांचा यात वाटा आहे, हेही सांगितले पाहिजे. पिकांवर वापरली जाणारी अनेक कीटकनाशके डासांवर वापरल्या जाणाऱ्या औषधांच्याच गटातली आहेत. त्यांचे अंश पावसाच्या पाण्याबरोबर चरात आणि डबक्यात उतरतात, आणि तिथल्या अळ्यांना प्राणघातक नसलेल्या मात्रेत ते पुन्हा पुन्हा भेटतात. आरोग्य विभागाने एकदाही फवारणी न केलेल्या शिवारात डास औषधाला निबर झालेले आढळतात, त्याचे एक कारण हे आहे. बागायती गावाने आपल्या शेतीचा औषधवापर आणि आपल्या डासांची संवेदनशीलता एकत्र पाहण्याची गरज इथे निर्माण होते.

डास औषधाला मरतो का, हे तपासण्याची जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली रीत अवघड नाही. गावातून पकडलेल्या किंवा गावातल्या अळ्यांपासून वाढवलेल्या माद्या औषधाचा थर दिलेला कागद आत लावलेल्या नळीत तासभर ठेवतात. एका नळीत वीस-पंचवीस, अशा चार नळ्या असतात आणि सोबत औषध नसलेला कागद लावलेल्या तुलनेच्या नळ्या. ॲनोफिलीससाठी डीडीटीचा कागद 4 टक्के, मॅलाथिऑनचा 5 टक्के आणि डेल्टामेथ्रिनचा 0.05 टक्के असतो. हे कागद मलेशियातल्या पेनांग येथील विद्यापीठातून जगभर जातात. तासाभराने डास स्वच्छ नळीत हलवतात आणि चोवीस तासांनी किती मेले ते मोजतात. 98 टक्के किंवा अधिक मेले तर डास औषधाला संवेदनशील, 90 टक्क्यांपेक्षा कमी मेले तर प्रतिकारक्षम, आणि या दोन आकड्यांच्या मधला निकाल असला तर पुन्हा तपासणी. अळीनाशकासाठी पाण्यात औषधाची ठराविक मात्रा मिसळून अळ्या चोवीस तास ठेवतात. एका दिवसाच्या या कामाने वर्षभराच्या औषधखरेदीचे खरे-खोटे कळते.

डेंग्यूच्या बाबतीत गोंधळ सर्वांत जास्त आहे, म्हणून त्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. चिकुनगुनियाची साथ 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत झाली, मग तो रोग देशातून जणू नाहीसा झाला आणि तीन दशकांनी परत आला. 2006 साली नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात त्याची मोठी साथ होती. 2021 साली झिकाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका या तिन्ही विषाणूंचा मुख्य वाहक एडिस इजिप्तीच आहे. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दुपारनंतर. तो फार लांब उडत नाही, बहुतेक डास आपल्या जन्माच्या जागेपासून शे-दोनशे मीटरच्या आतच आयुष्य काढतात. भिंतीपेक्षा त्याला पलंगाखालचा अंधार, टांगलेले कपडे, पडदे आणि कपाटामागची जागा आवडते. म्हणून ॲनोफिलीससाठी केलेल्या भिंतीवरच्या फवारणीचा एडिसवर फारसा परिणाम होत नाही. मादी अंडी पाण्याच्या काठावर भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवते आणि ती कोरडी पडूनही अनेक महिने जिवंत राहतात. पाणी ओतून दिलेला रांजण घासला नाही, तर पुन्हा भरताच त्यातून अळ्या निघतात. आठवड्याच्या 'कोरड्या दिवशी' भांडे नुसते रिकामे करणे पुरत नाही. ते आतून घासले पाहिजे, ही एवढीशी सूचना अनेक महागड्या औषधांपेक्षा मोलाची आहे.

संध्याकाळी गल्लीतून जाणाऱ्या धूरफवारणीच्या यंत्राने लोकांना काहीतरी झाल्याचे समाधान मिळते, आणि डासांनी हैराण झालेल्या माणसांची ती मागणी चुकीची म्हणता येणार नाही. पण धुराचे थेंब फक्त त्या क्षणी उडत असलेल्या डासाला लागतात आणि त्यांचा परिणाम काही वेळाने संपतो. संध्याकाळी बाहेर उडणारे बहुतेक डास क्युलेक्स असतात. एडिस त्या वेळी घरात, कपड्यांमागे बसलेला असतो. दारे-खिडक्या बंद करून घेतलेल्या घरापुढून धूर गेला, तर डेंग्यूचा डास सुरक्षित राहतो. डेंग्यूचा रुग्ण सापडलेल्या घरात आणि त्याच्या आजूबाजूच्या घरांत, दारे उघडून आत केलेली फवारणी संसर्गित डास मारण्यासाठी उपयोगी पडते, मात्र ती साथीच्या वेळची तातडीची बाब आहे, वर्षभराचा उपाय नव्हे. नदीकाठी पाणवेलींवर केलेल्या धुराने क्युलेक्स एखाद्या संध्याकाळपुरता कमी होतो. पाणवेली आणि सांडपाणी तसेच राहिले, तर पाण्यातल्या अळ्यांपासून काही दिवसांत नवे डास उडतात. पाणवेली काढणे आणि शहराचे सांडपाणी प्रक्रियेशिवाय नदीत येऊ न देणे, हा क्युलेक्सवरचा खरा उपाय. तो एकट्या एकलहऱ्याच्या हातात नाही, आणि ग्रामसभेने तो वरच्या यंत्रणांकडे ठामपणे मागितला पाहिजे.

अळीच्या अवस्थेत मारा करणे एडिसच्या बाबतीत सर्वांत फायद्याचे असते, कारण अळी उडून जाऊ शकत नाही. वापरण्याच्या पाण्याच्या मोठ्या, रिकाम्या न करता येणाऱ्या टाक्यांत टेमिफॉस घातले जाते. पाण्यातले त्याचे प्रमाण लिटरला 1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे ठरलेले आहे. वर्षानुवर्षे हेच एक औषध वापरल्याने त्यालाही निबर झालेले एडिस जगात अनेक ठिकाणी सापडले आहेत. बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस हा जिवाणू वेगळ्या रीतीने काम करतो. त्याची प्रथिने अळीच्या आतड्यात जाऊन आतड्याचे अस्तर फाडतात. त्यात अनेक विषारी प्रथिने एकत्र असल्याने त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती येणे कठीण ठरले आहे, म्हणून टेमिफॉसला पर्याय म्हणून त्याचा विचार व्हायला हवा. गप्पी मासे हा महाराष्ट्रातल्या आरोग्यसेवकांचा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. घाण पाण्यातही तगणारा हा मासा हौद, विहिरी आणि बंदिस्त टाक्यांत सोडावा. गोदावरीत किंवा ओढ्यात मात्र सोडू नये. गंबुशिया हा अळ्या खाणारा दुसरा मासा 1928 साली इटलीहून भारतात आणला गेला, आणि मोकळ्या पाण्यात तो देशी माशांची अंडी-पिल्ले खातो हे नंतर ध्यानात आले. सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधणे हे तर काही रुपयांचे काम आहे आणि त्याने क्युलेक्सची एक मोठी वाट बंद होते.

संशोधन पुढे सरकत आहे आणि त्याचा वेग आशादायक आहे. एडिसच्या शरीरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू सोडला की विषाणूची वाढ खुंटते. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात अशा डासांनी डेंग्यूचे रुग्ण 77 टक्क्यांनी घटल्याचे 2021 साली प्रसिद्ध झाले. पुदुच्चेरी येथील व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने भारतातल्या एडिसमध्ये असे जिवाणू रुजवून दाखवले आहेत. पुण्यात 1952 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी स्थापन केलेले व्हायरस रिसर्च सेंटर आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते, आणि टी. रामचंद्र राव पुढे तिचे संचालक झाले. भारतातल्या ॲनोफिलीस डासांवरचा त्यांचा ग्रंथ आजही कीटकशास्त्रज्ञांच्या मेजावर असतो. फवारणीच्या मोहिमेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने पुढे डासांच्या जातींची ओळख, त्यांच्या सवयी आणि त्यांचे वसतिस्थान यांवर इतका तपशील लिहिला, यातच त्यांच्या कामाचा कल दिसतो. क्युलिसिफेसीस हा एक डास नसून एकसारख्या दिसणाऱ्या पाच भगिनी जातींचा समूह आहे आणि त्यांतली एक रोग पसरवण्यात फारच कमजोर आहे, हे नंतरच्या संशोधकांनी गुणसूत्रांवरून दाखवले. भिंतीवर सापडलेला डास नेमका कोणता, हे न पाहता केलेली फवारणी निरुपद्रवी बहिणीवरही खर्च होते.

डीडीटीविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ते जगात सरसकट बंद झालेले नाही. 2001 साली मान्य झालेल्या आणि 2004 पासून लागू असलेल्या स्टॉकहोम करारात रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी त्याच्या वापराला जागा ठेवली आहे आणि भारताने हा करार 2006 साली स्वीकारला. सरकारी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स कंपनीने रायगड जिल्ह्यातल्या रसायनीतही डीडीटी बनवले. शेतीत मात्र त्याला मज्जाव आहे, आणि तो योग्य आहे, कारण ते जमिनीत आणि चरबीत वर्षानुवर्षे साठून राहते. आरोग्यासाठीचे डीडीटी शेतात वळवणे म्हणजे माणसाच्या अन्नात विष घालणे आणि डासाला प्रतिकाराचे शिक्षण देणे, असे दुहेरी नुकसान आहे.

एकलहऱ्याच्या ग्रामसभेने पुढच्या फवारणीआधी जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात. एक, गावातून पकडलेल्या डासांची जात. दुसरे, वापरल्या जाणाऱ्या औषधाने त्यांतले किती टक्के मरतात याचा निकाल, ज्यासाठी पुण्यातील सहसंचालक, आरोग्य सेवा (हिवताप, हत्तीरोग व जलजन्य रोग) यांच्या कार्यालयातील कीटकशास्त्रज्ञांची मदत घेता येते. तिसरे, घरांच्या सर्वेक्षणातला निर्देशांक, म्हणजे तपासलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत एडिसच्या अळ्या सापडल्या आणि त्या कोणत्या भांड्यांत. हा शेवटचा आकडा गावाने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर पंधरवड्याला लिहावा. औष्णिक केंद्राची वसाहत, गावठाण आणि मळ्यांतली वस्ती यांचे आकडे वेगवेगळे ठेवावेत, कारण तिन्ही ठिकाणी पाणी साठवण्याची पद्धत वेगळी आहे आणि अळ्यांची भांडीही वेगळी सापडतील. रांजण जास्त असलेल्या भागात घासण्याची मोहीम, सिमेंटच्या टाक्या जास्त असलेल्या भागात झाकणे आणि गप्पी मासे, पडून असलेले टायर आणि भंगार असलेल्या भागात साफसफाई, असा निर्णय त्या आकड्यांवरूनच घेता येतो. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी, एक सर्वेक्षण झाले, तर कोरड्या भांड्यांना चिकटलेली अंडी पहिल्या पावसात फुटण्याआधी भांडी घासता येतात.

फवारणी करणाऱ्या कामगारांचा विचार याच पत्रात हवा. पाठीवर पंप घेऊन दिवसभर घरोघरी जाणाऱ्या माणसाच्या कातडीवर आणि श्वासात औषध जाते. ऑर्गनोफॉस्फेट औषधे डासात ज्या विकरावर घाव घालतात, ते विकर माणसाच्या मज्जातंतूंमध्येही आहे. हातमोजे, चष्मा, तोंडावर योग्य मुखवटा, पूर्ण बाह्यांचे कपडे, काम संपल्यावर साबणाने अंघोळ आणि ओला झालेला सदरा तसाच अंगावर न ठेवणे या गोष्टी कामाच्या आदेशातच लिहिलेल्या असाव्यात. औषधाचा रिकामा डबा घरात पाण्यासाठी नेला जाऊ नये आणि धुतलेल्या पंपाचे पाणी विहिरीजवळ किंवा नदीत ओतले जाऊ नये. फवारणीच्या दिवशी घरातले अन्न आणि पिण्याचे पाणी झाकण्याची, लहान मुलांना आणि जनावरांना बाहेर नेण्याची सूचना आशा कार्यकर्तीमार्फत आदल्या दिवशी प्रत्येक घरी पोहोचावी. कोणते औषध, किती प्रमाणात आणि कोणत्या तारखेला वापरले, याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहावी, म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा तपासणी होईल तेव्हा डासांची संवेदनशीलता वाढली की घटली, हे ताडून पाहता येईल.